झाकणाखालची तार

सहा तास मंद आचेवर शिजलेलं चिकन काटा लावताच सुटायला हवं. आमचं साडेआठ तास शिजलं होतं आणि तरी सुटत नव्हतं. मी दोन हातांत दोन काटे घेऊन ओट्याला पोट टेकवून ओढत होते, आणि भांडंच माझ्याकडे सरकत येत होतं.

"पुल्ड चिकन म्हणजे ओढलेलं ना?" दादा दारातून म्हणाला. "इथे कोण कोणाला ओढतंय, काही कळत नाही."

"मागच्या शुक्रवारीही असंच झालं," वहिनी म्हणाली. "कुकरच खराब असणार. फुकट मिळालेला, दुसरं काय."

स्लो कुकर वहिनीला तिच्या दातांच्या दवाखान्यातल्या सोडतीत मिळाला होता. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, समोर एकच बटण आणि बटणाच्या चार जागा: बंद, गरम, मंद, जलद. मी सकाळी तळाला कांद्याच्या चकत्या पसरायचे. वर दीड किलो बिनहाडाचं चिकन, तेही मांडीचं, कारण छातीचं कोरडं पडतं. मग केचप, व्हिनेगर, तपकिरी साखर, मोहरीची पेस्ट, ठेचलेला लसूण आणि धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड. निखाऱ्यावर भाजल्यासारखा वास येतो तो या पुडीमुळे. पावणेआठला बटण 'मंद'वर फिरवून मी कामाला जायचे आणि सव्वाचारला परत यायचे. तोवर मांस आपोआप धाग्याधाग्याने सुटलेलं असायला हवं. ते त्याच रसात पुन्हा वीस मिनिटं ठेवायचं आणि गोल पावात भरायचं.

कुकर खराब नव्हता. पहिल्या दोन वेळा मी सुटीच्या दिवशी, घरी असताना केलं होतं, आणि ते लोण्यासारखं सुटलं होतं. तेच चिकन, तेच वजन, तेच बटण. फरक एवढाच की बिघडलं त्या दोन्ही दिवशी मी घरी नव्हते. दादा आणि वहिनीही नव्हते. घरात एकच माणूस होता, आणि तो आता टेबलापाशी बसून मुकाट्याने पाव खात होता.

"चावायला लागतं जरा," मामा म्हणाला. "पण दात आहेत अजून."

मामाने एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि पुढची सात वर्षं माझा शाळेचा डबा त्यानेच भरला. आठ महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला, कारखान्याची खोली सोडावी लागली, आणि तो एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आला. सगळं ठीक चाललं होतं. मग गेल्या महिन्यात त्याने विजेची किटली गॅसवर ठेवली. बुडाचं प्लास्टिक वितळून शेगडीवर सांडलं आणि पडद्यांना तीन दिवस वास येत राहिला.

दुसऱ्या कुणाच्या घरात यावर हसून विषय संपला असता. पण दादाचं कामच इमारतींत आगीचा धोका तपासायचं. त्याने दुसऱ्याच दिवशी चार गल्ल्या पलीकडच्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक आणलं.

"तिथे दिवसभर लक्ष द्यायला माणसं असतात," मामा आंघोळीला गेलेला असताना तो आम्हाला म्हणाला होता. "मला काय हौस आहे का? पण घरी एकटा असताना असं पुन्हा झालं तर? या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत बघू. आणखी एक गोष्ट घडली की मी बोलणार त्याच्याशी."

त्या रविवारला अजून बारा दिवस होते. हातातला चिवट तुकडा मी पुन्हा रसात सोडला. ही ती 'आणखी एक गोष्ट' असू शकते, हे माझ्याशिवाय अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि मला आधी खात्री करून घ्यायची होती.

"वहिनी म्हणते तसंच असेल," मी म्हटलं. "कुकरच मंद आहे."

मी दुधाच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. संशय आला की मोजायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. शीतगृहातल्या दुधासाठी आमच्याकडे तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं आहेत: एक काडेपेटीएवढी डबी, तिला केसासारखी बारीक तार, तारेच्या टोकाला स्टीलची सळी. दर पाच मिनिटांनी आकडा साठवते, आणि हवं तेव्हा डबीवरच्या खिडकीत दाखवतेही. मी साहेबांना विचारून, सही करून एक घरी आणली. आधी रविवारी नुसतं पाणी घालून कुकर दोनदा चालवला, एकदा तारेसह आणि एकदा तारेशिवाय, कारण तारेमुळे झाकण उचललं जात असेल तर माझी मोजणीच चुकायची. फरक पडला नाही.

"पाणी शिजवतेस?" मामाने विचारलं.

"कुकर बघतेय."

"मग? शिजलं का?" तो म्हणाला, आणि पेपर उघडून बसला. पण तो पेपर वाचत नव्हता. तारेकडे बघत होता.

मंगळवारी मी चिकन कच्चं असताना भांड्यासकट वजन केलं, सळी रसात बुडवली, तार झाकणाच्या कडेखालून बाहेर काढली आणि डबी कुकरमागे, खिळ्याला टांगलेल्या हात पुसायच्या फडक्याच्या टोकाखाली सरकवली. माझ्याच घरात, माझ्याच मामावर मी पहारा बसवत होते.

संध्याकाळी चिकन पुन्हा चिवट. वजनात घट फक्त वाफेएवढी, म्हणजे कुणी तुकडे काढून खाल्लेले नव्हते. मी खोलीचं दार लावून डबी संगणकाला जोडली.

आलेख करवतीसारखा दिसत होता. आठपासून दर तासाला एक छोटा दात: तापमान दोन-तीन अंश खाली, मग हळूहळू वर. म्हणजे कुणीतरी पुन्हा पुन्हा झाकण उचलत होतं. आणि बारा वाजून दहा मिनिटांपासून एक वाजून वीसपर्यंत सरळ उतार. एवढा लांब उतार झाकण उचलून येत नाही. कुकर बंद केला गेला होता, आणि मग पुन्हा चालू.

प्रत्येक वेळी झाकण उचललं की आतली वाफ जाते आणि वीसेक मिनिटांची शिजवण वाया जाते. दिवसभरात आठ वेळा, वर तास-सव्वा तास बंद. उरले जेमतेम साडेचार तास. चिकन का सुटत नाही, ते कळलं. पण त्याने बरं वाटलं नाही. मला दिसत होता एक म्हातारा माणूस: झाकण उचलून बघतो, बघितलं हे विसरतो, पुन्हा येऊन बघतो. दुपारी कुकर बंद करतो आणि तासाभराने, अरे हा बंद कसा, म्हणून चालू करतो.

मी आलेख कुणाला दाखवला नाही. जेवताना दादाने विचारलं, "काय गं चिमे, सापडला का बिघाड?"

"अजून नाही."

"तुझा चेहरा तर सापडल्यासारखा दिसतोय."

समोर मामा शांतपणे पाण्याचा ग्लास पुसत होता. पुसलेलाच ग्लास त्याने पुन्हा पुसला. आधी माझं लक्षही गेलं नसतं. आता मी मोजत होते.

शुक्रवारी मी पुन्हा चिकन लावलं आणि साडेअकराला अर्ध्या दिवसाची रजा टाकून परतले. घरी गेले नाही. आमच्या दारासमोर रस्त्यापलीकडे कपडे धुवायचं दुकान आहे. तिथे फिरत्या यंत्रांसमोरच्या बाकावर, कुणाचे तरी टॉवेल गोल गोल फिरताना बघत बसले.

"तुमचे कुठले?" दुकानवालीने विचारलं.

"माझे नाहीत. वाट बघतेय."

"बरं," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे दुकानवाल्या संशयितांकडे बघतात तशी बघत राहिली.

बारा दहाला मामा बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. दाराला कुलूप लावून त्याने ते तीनदा ओढून बघितलं. मग चालू लागला. मी अंतर ठेवून मागे. तो रेंगाळला नाही, कुठे वळावं म्हणून थांबला नाही. चार गल्ल्या ओलांडून एका हिरव्या फाटकाशी गेला आणि आत शिरला. फाटकावरची पाटी मी वाचली आणि जागच्या जागी थांबले. दादाच्या माहितीपत्रकावर होतं तेच नाव.

तो पुढच्या दाराने गेला नाही. इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेला, आणि तिथे कामगारांची डांगरी घातलेल्या एका माणसाने त्याला ओळखीची मान हलवली. म्हणजे ही पहिली खेप नव्हती.

मी धावत घरी आले. कुकरचं बटण 'बंद'वर होतं, भांडं कढत. डबी बघायला फडकं पुरतं वर उचललं, आणि मागच्या खिळ्याला दोऱ्याने अडकवलेली एक वही दिसली. जाड पुठ्ठ्याची, तेलकट कोपऱ्यांची. आठ महिने ती तिथे असणार, आणि फडक्यामागे बघायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं.

पानावर पट्टीने आखलेले रकाने होते. वेळ. काय बघितलं. काय केलं. सही. अक्षर बारीक आणि सरळ.

आजचं पान आधी वाचलं. "आठ. बटण योग्य. नऊ. उकळी नाही, वाफ थोडी. दहा. झाकण उघडून बघितलं, ताप दाखवणारं गेज नसल्याने इलाज नाही. बारा दहा. बंद केलं. कारण, जागेवर माणूस नाही."

मंगळवारचं पान. "आठ. झाकणाखाली तार. बहुधा धाकटीची. हात लावला नाही. का लावली ते माहीत आहे. विचारलं नाही."

धाकटी म्हणजे मी. मी खुर्चीवर बसले. मग आधीच्या मंगळवारचं पान काढलं. ते वाचायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. "आठ. बटण 'गरम'वर. धाकटी घाईत होती. 'मंद'वर आणलं. तिला सांगितलेलं नाही." 'गरम'वर चिकन शिजत नाही, नुसतं कोमट राहतं आणि नासतं. त्याने पंधरा मिनिटांत बघितलं नसतं, तर संध्याकाळी सव्वाचारला मी चौघांना काय वाढलं असतं, ते मला कुणापेक्षाही जास्त नीट माहीत होतं. जंतू मोजणं हेच माझं काम आहे.

आणि मागे, गेल्या महिन्यात: "सहा पन्नास. किटली गॅसवर ठेवली. बुडाला प्लास्टिक आहे हे बघितलं नाही. चूक माझी. नवीन वस्तू आधी उलटी करून बघणे." खाली सही. बाकीच्या सह्यांपेक्षा ती ठळक होती.

दार उघडलं तेव्हा वही माझ्या मांडीवरच होती. मामाने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कुकरकडे जाऊन बटण 'मंद'वर केलं. त्यानंतर वहीसाठी हात पुढे केला. मी दिली. "एक वीस," तो पुटपुटत लिहू लागला. "चालू केलं."

"मामा, बंद का करतोस?"

"बाहेर जातो म्हणून." त्याला प्रश्नच कळला नसावा असं त्याने माझ्याकडे बघितलं. "आचेवरचं भांडं सोडून कुणी जागा सोडत नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही सोडली. तुम्ही लोक सकाळी लावता आणि सगळे निघून जाता. मला तर पहिल्या दिवशी वाटलं, वेड लागलंय का या घराला."

"तो तसाच बनवलाय. सोडून जाण्यासाठीच."

"कोणी सांगितलं? विकणाऱ्याने?" त्याने काचेच्या झाकणावर बोट वाजवलं. वाफेने ते पांढरं झालं होतं. "आत किती ताप आहे, सांग. नाही सांगता येत. गेज नाही याला. गेज नसलेल्या भांड्यावर माझा भरवसा नाही, बाई. म्हणून उघडून बघतो."

"आणि तिकडे का जातोस?"

तो वही खिळ्याला अडकवण्यात उगाच वेळ काढत राहिला.

"तू माझ्यामागे आलीस," तो म्हणाला.

"हो."

"दुकानात बसली होतीस. कुलूप लावताना दाराच्या काचेत दिसलीस." तो बसला. "थोरल्याने ते पत्रक पावाच्या डब्यामागे ठेवलंय. पावाच्या डब्यामागे काय आहे ते मला दिवसातून चार वेळा दिसतं. म्हटलं, जायचंच असेल तर जागा बघून येऊ. खोली बरी आहे. खिडकी आहे. पण त्यांचा बॉयलर बघितला आणि झोप उडाली. जादा वाफ सोडायचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधून ठेवलाय, शिट्टी वाजून म्हाताऱ्यांची झोपमोड होते म्हणून. त्या माणसाला रोज तासभर समजावतोय. आज कुठे सोडली त्याने तार." तो थांबला. "मी जाईन तिथे. पण मला विसराळू म्हणून पाठवू नका. माणूस जास्त झाला म्हणून पाठवा."

मी डबी फडक्याखालून काढून त्याच्यासमोर ठेवली. खिडकीत चौऱ्याहत्तर दिसत होतं. मंगळवारचा आलेख मला आता वेगळा आठवला. मी फक्त उतार बघितला होता, तो कुठे संपतो ते बघितलं नव्हतं. एकाहत्तर अंशांवर. झाकण बंद असेल तर जड भांडं सव्वा तासात त्याखाली जात नव्हतं, आणि साठच्या वर आहे तोवर चिकनला धोका नव्हता. विसरणारा माणूस बरोबर घड्याळाच्या ठोक्याला झाकण उचलत नाही, हेही त्या आलेखातच होतं. आठ वाजता, नऊ वाजता, दहा वाजता. मी ते दात मोजले होते, पण त्यांच्यातलं अंतर वाचलं नव्हतं.

"हे काय?" मामाने विचारलं.

"आतला ताप."

त्याने चष्मा लावला आणि डबी बराच वेळ हातात धरून ठेवली. पंचाहत्तर झाले तेव्हा त्याने मान हलवली. त्या दिवशी त्याने झाकण पुन्हा उघडलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चिकन मीच लावलं, पण पहाऱ्याला मामा होता. एकदाही न उघडलेलं भांडं दुपारी उघडलं, आणि काटा टेकवताच मांस दोन्हीकडे गळून पडलं. वहिनी म्हणाली, "आज काय वेगळं केलंत?" दादाने उत्तराची वाट बघितली नाही. मंगळवारचा माझा चेहरा त्याला पुरला होता; तो माहितीपत्रक घेऊनच टेबलापाशी आला होता.

"मामा, थोडं बोलायचंय."

"आधी मी," मी म्हटलं. आलेख आणि वही दादासमोर ठेवली. मला वाटलं होतं की आलेखापासून सुरुवात करावी, ते सोपं होतं. पण मी आधीच्या मंगळवारचं पान उघडलं आणि स्वतः मोठ्याने वाचलं. बटण 'गरम'वर. धाकटी घाईत होती. तिला सांगितलेलं नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं. "तू? प्रयोगशाळावाली?"

"मी."

तो वही चाळू लागला. तपासणीचे कागद चाळतो तशी, काहीतरी सापडेल या नजरेने. किटलीचं पान त्याने वाचलं आणि पुढे गेला. मग एका पानावर थांबला. त्याचे कान लाल झाले.

"काय आहे?" वहिनीने वाकून वाचलं. "'सहा चाळीस. थोरला आला. चाव्या बाहेरून दारालाच. काढून खुंटीला लावल्या.' अरे, हे तर तीन वेळा आहे."

"चार," मामा म्हणाला.

"आणि माझं काय लिहिलंय?" वहिनीने विचारलं.

"पानं उलटू नका, सूनबाई. जेवण निवतंय."

दादा अजून वहीकडे बघत होता. रकान्यांवरून बोट फिरवत होता. त्याला रकाने आवडतात. तो स्वतः दिवसभर असलेच कागद भरून घेतो, आणि बहुतेक लोक ते खोटे भरतात असं त्याचं नेहमीचं रडगाणं असतं. "किटलीचं कुणी बघितलंच नसतं तर लिहिलं असतंस?" त्याने विचारलं.

"बघितलं नसतं तर जास्तच लिहावं लागलं असतं."

मग दादाने माहितीपत्रकाची घडी घातली, पुन्हा घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"फेरीत गॅसचा कॉक पण घेशील का?" तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून आहे. पान एक," मामा म्हणाला, आणि पाव हातात घेतला.

मंगळवारी सकाळी मी कांदा पसरला, चिकन ठेवलं, सॉस ओतला, सळी बुडवली. डबी आता फडक्याखाली नव्हती; मामाने तिच्यासाठी भिंतीला खिळा मारला होता, डोळ्यांच्या उंचीवर. वहीत एक नवा रकाना आखलेला होता: पाळी देणारा, पाळी घेणारा. कारखान्यात पाळी बदलताना दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पहिल्याला घरी जाता येत नाही, त्याने सांगितलं.

"बारा ते दीड बंद राहणार," तो म्हणाला. "तिकडचा बॉयलरवाला तार पुन्हा बांधेल, माझी खात्री आहे. जाऊन बघावं लागणार."

"राहू दे. मी आता सव्वासातला लावते, हिशोब जुळतो."

मी सही केली आणि पेन त्याच्याकडे दिलं. त्याने ते घेतलं, पण सही केली नाही. आधी खाली वाकून, चष्मा वर करून, बटण कुठे आहे ते बघितलं.